मधल्या सीटवरची उशी

मी एक जुनी उशी आहे. झोपायची नव्हे, जीपच्या मधल्या सीटवर डोक्यामागे बसवतात ती. कारखान्यात माझ्या पोटात फोम भरला, खाली दोन लोखंडी दांड्या लावल्या. मागून धक्का बसला तर माणसाची मान मागे फेकली जाऊ नये, एवढेच माझे काम.

मित्रांनो, ते काम मला फार दिवस करता आले नाही. माझे मालक जगदेव शेलूबाजार ते आसेगाव जीप चालवतात. मागची माणसे मधली सीट ओलांडून चढतात आणि मी आडवी येते. म्हणून त्यांनी मला उपटून सीटखाली टाकले. चढावर जीप थांबली की चाकामागे मलाच लावत. त्यात माझे कव्हर फाटले.

गेल्या उन्हाळ्यात फाट्यावर उभ्या जीपला टेम्पोने मागून ठोकले. माझ्या रिकाम्या जागेपुढे जगदेवांची थोरली बहीण, शिवणकाम करणारी बेबीताई बसली होती. तिची मान मागे गेली आणि झटक्यात पुढे आली. रक्त नाही, खरचटणे नाही. एक्स-रेही साफ आला. पण पंधरा दिवसांत मान आखडली आणि उजव्या हातातून सुई गळू लागली.

जगदेव तिला घेऊन मानोऱ्याकडे निघाले. तिकडे एक जण मान बसवून देतो, असे त्यांनी ऐकले होते.

"एक झटका देते तो, मान जाग्यावर!" जगदेव म्हणाले.

"मामा, आईच्या मानेले हात नोका लावू देऊ," बेबीताईची मुलगी निकिता म्हणाली. ती नर्सिंग शिकते. "हाडं साफ आहेत, पन मणक्याच्या बाजूले नसांच्या पेशींचे गठ्ठे असतात. झटक्यानं त्याइले मार लागत असंन, असं अभ्यास करनारे म्हंतात. एक्स-रेत ते दिसत नाई."

"असंन म्हंजे? पक्कं कोनाले माहीत?"

"पक्कं नाई, म्हनून तं सांगून राह्यली. अजून एक झटका कायले?"

"लय डॉक्टरीन झाली! थांब, चहा घेऊ."

टपरीवरून जगदेवांनी वाफाळता पेला आणून बहिणीच्या उजव्या हातात दिला. पेला कलंडला. चहा तिच्या बोटांवरून ओघळून सीटखाली माझ्या उघड्या फोमवर पडला. मी किंकाळीची वाट पाहिली. ती आलीच नाही.

"ताई, पोळलं ना वं?"

"काय पोळलं?" बेबीताईने विचारले.

मान बसवणाऱ्याचे घर तीन किलोमीटरवर होते. जगदेवांनी जीप सुरू केली. मग चाके वळली, वाशिमच्या दवाखान्याच्या दिशेने.

डॉक्टर काय म्हणाले, ते मी परतीच्या वाटेवर ऐकले. नस दुखावली आहे. बोटे कितपत सुधारतील, आज सांगता येत नाही. मानेला आणखी झटका दिला असता, तर उरलेलेही जाऊ शकले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवांनी मला पुसून माझ्या जागी बसवले. मागे चढताना रोजचे प्रवासी पंजाबराव अडखळले.

"हे काय आडवं घातलं बे?"

"राहू द्या काका. वाकून जा."

मित्रांनो, मला उपटू नका. डोक्याच्या उंचीला आणून बसवा. आणि मान दुखते म्हणणाऱ्याला 'एक्स-रे साफ आहे' सांगून गप्प करू नका.

माझे कव्हर पुढे बेबीताईनेच शिवले. रोज दोन-दोन टाके, तीन आठवडे. पहिले टाके फार वाकडे आहेत. शेवटचे तेवढे नाहीत.