एका वेळी एकच माणूस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. १९९७ साली जळगावात मगन सरांच्या एका खोलीच्या क्लासात आलो. सरांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी माझ्याजवळ यायचं नाही, असं बजावलं. मी जरा चढून गेलो, हे कबूल करतो.

माझ्यात डेटाबेसची ‘पर्सनल’ आवृत्ती होती. म्हणजे ढीगभर नोंदी नीट रचून ठेवायची सोय, पण एका माणसापुरती. मोठ्या ऑफिसांत सर्व्हर असे. तिथे त्याच नोंदींवर एकाच वेळी अनेकजण काम करत. “आज्ञा दोन्हीकडे त्याच,” असं सर शिकवत.

असोद्याची कुंदा रोज एसटीने येई. तिच्याइतकी हुशार मुलगी मी पाहिली नाही. पण नोंद बदलायची, मध्येच डबा खाऊन यायचं आणि ती कायम करण्याची आज्ञा निवांत द्यायची, ही सवय तिला माझ्याकडेच लागली. मला कसली घाई होती?

पुढे ती एका केळी संघात महिनाभराच्या बोलीवर लागली. काम जमलं तर कायम, नाहीतर घरी. कुणाच्या बागेत कोणत्या दिवशी गाडी जाणार, ते तिथल्या सर्व्हरवर असे. एका दुपारी तिने तोताराम नाना या शेतकऱ्याच्या नोंदीत गाडीची वेळ बदलली आणि कायम न करताच जेवायला उठली. सर्व्हरने ती नोंद तिच्या नावे अडवून ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या बेबाबाईंना त्याच नोंदीत गाडीचा नंबर भरायचा होता, पण त्यांचा पडदा हलेना. गाडी सोडायची चिठ्ठी निघाली नाही, गाडी गेली नाही आणि नानांचे कापलेले घड उन्हात पडून राहिले.

साहेबांनी बजावलं, “पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नका.”

संध्याकाळी कुंदा माझ्यासमोर बसून रडली. “सर, मी तं जेवाले गेल्ती. मले काय मालूम, मांगे बेबाबाई खोयंबेल हाये?”

“चूक माझी आहे, कुंदा,” सर म्हणाले. “इथे खोळंबायला दुसरं कुणी नव्हतंच.”

मला फार अपराधी वाटलं. मग सरांनी माझ्या पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या. “ही तू. ही बेबाबाई.” कुंदाने पहिलीत नोंद बदलली आणि दुसरीत तीच बदलायला गेली. दुसरी खिडकी जागच्या जागी थांबली. माझ्यात प्रथमच कुणीतरी ताटकळत होतं! कुंदा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पहिलीत नोंद कायम केली, तशी दुसरी लगेच मोकळी झाली.

“अशी बसेल व्हती माय ती,” कुंदा डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आधी बेबाबाईंच्या टेबलाशी गेली आणि माफी मागितली. महिना भरल्यावर ती कायम झाली आणि पेढे घेऊन आली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

आता मी सरांच्या माळ्यावर असतो. धूळ बसते, बटणं अडकतात. क्लासात नवी यंत्रं आली, त्याचं मला दुःख नाही. फक्त एक सांगतो, मित्रांनो. कामावरून उठताना एकदा मागे बघत जा. आपल्यामुळे कुणी अडकून बसलं असेल, तर आधी त्याला मोकळं करा. जेवण पाच मिनिटं थांबतं.