अकरा धडे

थोरलीला अक्षरओळख नव्हती, पण हॉटेलच्या धुलाईखान्यातला चादरी वाळवणारा तापता रूळ तिच्यापुढे एकोणीस वर्षं गरीब गाईसारखा वागला होता. मोबाइलवरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, तेव्हा तिच्या नावानं धाकट्या जावेनं घरी बसून अकराही धडे बघितले, प्रश्न सोडवले. पैकीच्या पैकी गुण पडले. थोरली महिनाभर ताठ मानेनं हिंडली.

मग प्रशिक्षणाचा कितपत उपयोग झाला ते तपासायला मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. मुकादमानं थोरलीलाच पुढे केलं. बाईंनी पडद्यावरचा एक प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगितला. चष्मा घरी राहिला, असं थोरली म्हणाली. बाईंनी स्वतःचा काढून दिला. तो डोळ्यांवर चढवून ती नुसतीच उभी राहिली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सगळं बाहेर आलं. फसवणूक केली म्हणून थोरलीला त्याच दिवशी घरी पाठवलं. प्रशिक्षणाला मात्र बाईंनी नावं ठेवली नाहीत. जिनं रूळ डोळ्यांनी पाहिला नाही तिलाही सगळं येतं, हाच तर उपयोग, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि खात्री करून घ्यायला त्यांनी थोरलीच्या जागी धाकटीला नेमलं.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता धाकटीनं विचारलं, "ताई, रूळ थांबवायची दांडी एकदा दाबली की पुरतं ना? व्हिडिओत तसंच आहे."

व्हिडिओतलं यंत्र नवंकोरं होतं. इथली दांडी दोनदा दाबल्याशिवाय रूळ थांबत नसे. थोरलीच्या ओठांवर आलं होतं. तिनं गिळलं.

"धडे तू सोडवलेस. मला काय विचारतेस?"

तिसऱ्या दिवशी चादरीच्या ओल्या कोपऱ्यासोबत धाकटीची चार बोटं आत ओढली गेली. दुसऱ्या हातानं तिनं दांडी एकदा दाबली आणि रूळ थांबायची वाट बघत राहिली.

बाईंनी अहवालात लिहिलं की कामगार पूर्ण प्रशिक्षित होती, चूक तिचीच. मुकादमानं थोरलीला निरोप धाडला, उद्यापासून ये.

थोरली जायच्या आधी धाकटीला भरवायला बसली. दोन घास झाल्यावर धाकटीनं तोंड फिरवलं.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"जेव आधी," थोरली म्हणाली. "मला उशीर होतोय."