सुश्रुतची तपासणी

गेल्या सप्टेंबरात युफ आनेलीसनं मला एक पत्र लिहिलं होतं. मी त्याचं उत्तर दिलं नाही. तिला फक्त एक शब्द हवा होता, 'हो'. तो डचमध्ये कसा लिहायचा हे वाचनालयातल्या भाषेच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, त्यामुळे भाषेची सबबही मला सांगता येत नाही.

युफ म्हणजे बाई. इथली मुलं शाळेतल्या बाईंना अशीच हाक मारतात. आनेलीस माझ्या नातवाच्या, सुश्रुतच्या, शेजारी बसायला नेमलेली होती. सुश्रुत आठ वर्षांचा आहे. मराठी त्याला कळतं, पण बोलतो थोडं आणि तेही डचमध्ये. वर्गात गोंगाट वाढला की तो टेबलाखाली जातो. आनेलीस असली की जात नसे. तिच्या स्वेटरचं टोक मुठीत धरून तो गणितं करायचा. ते टोक पार लोंबून गेलं होतं, पण तिनं स्वेटर बदलला नाही. दिवसभरात काय काय होणार याच्या चित्रांची एक पट्टी तिनं त्याला करून दिली होती. कोट काढणं, गोल करून बसणं, फळ खाणं, मैदान, घर. एक गोष्ट झाली की तिचं चित्र पट्टीवरून काढून ठेवायचं आणि पुढच्याकडे बघायचं. पट्टी समोर असली की सुश्रुत शांत असे.

मुलगा आणि सून कामावर जात, म्हणून डीमन या आमच्या गावातल्या त्या शाळेच्या फाटकाशी मीच उभा असायचो. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून हातात पुस्तक उघडं धरायचो. तरी ती यायची आणि मला कळेल इतकं सावकाश बोलायची. पत्रही तिनं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं.

'प्रिय ओपा श्याम,' म्हणजे श्यामआजोबा, 'पुढच्या महिन्यात एक बाई सुश्रुतला बघायला येतील. कृपा करून त्याची तयारी करून घेऊ नका. तो जसा आहे तसा येऊ द्या. हे मला फाटकाशी बोलता येत नाही. कळलं असेल तर फक्त "हो" लिहून पाठवा.'

आमच्या भागातल्या शाळांचा मिळून एक संघ आहे. ज्या मुलांना जास्तीची मदत लागते त्यांच्यासाठीचे सरकारी पैसे त्या संघाकडे येतात आणि ते कसे वाटायचे हे संघ ठरवतो. त्यांची नियमांची पुस्तिका मी शब्दकोश घेऊन वाचली होती. पैसे जिथं अडचण दिसेल तिथं जाणार आणि ती दरवर्षी नव्यानं दिसली पाहिजे, असं एक वाक्य त्यात होतं. ते मी पुन्हा वाचलं आणि आपलंच डच कच्चं असेल असं समजून पुस्तिका मिटली.

पत्र मी जेवताना दोघांना वाचून दाखवलं.

"म्हणजे माझ्या मुलाला मुद्दाम बावळट दाखवायचं?" माझी सून नीलांबरी म्हणाली.

"तसं नाही म्हणत ती."

"मग कसं म्हणतेय, बाबा?"

शैलेंद्र, माझा मुलगा, हसला. "तिचे अवर्स आहेत ना त्यात. सुश्रुत सुधारला तर हिचा जॉब जाणार. सिंपल आहे."

"ती तशी वाटत नाही रे."

"तुम्हाला कोण तसं वाटतं? तुम्हाला कराडचा रद्दीवालासुद्धा सज्जन वाटायचा. वजनात मारायचा तुम्हाला."

"मारायचा," मी म्हणालो.

नीलांबरी हसली नाही. "प्रत्येक मीटिंगला मी जाऊन बसते आणि हा काय करू शकत नाही ते ऐकून येते. एकदा तरी हा काय करू शकतो ते कुणीतरी लिहून घेऊ दे."

मी कराडला एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो. तपासणी आली की फाटकी पुस्तकं कपाटात मागे सारायची आणि पुढे कोरी कव्हरं घातलेली ठेवायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नसे. पाहुण्यासमोर घरातलं चांगलंच मांडायचं. मुलाचं वाईट तेवढं बाहेरच्या माणसापुढे ठेवायचं, ही गोष्ट आमच्या कुणालाच जमेना.

मग तयारी सुरू झाली. नीलांबरी कामावरून आली की शाळेतल्यासारखी खुर्ची मांडायची. मी तपासणीच्या बाई व्हायचो. "तुझं नाव काय?" सुश्रुत नाव सांगायचा आणि त्याला एक मनुका मिळायचा. हात टेबलावर ठेवला की आणखी एक. टेबलाखाली गेला की नीलांबरी त्याला हळूच वर काढायची, रागवायची नाही. काही दिवसांनी तो टेबलाखाली जाईनासा झाला. मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही.

तपासणीच्या दिवशी त्यानं नाव सांगितलं, वय सांगितलं, हात टेबलावर ठेवले आणि जाताना बाईंना धन्यवादही म्हटलं. आनेलीस भिंतीशी उभी होती, असं आम्हाला नंतर कळलं. घरी नीलांबरीनं शिरा केला.

संघाचा निर्णय आला की सुश्रुतची प्रगती कौतुकास्पद आहे आणि नाताळच्या सुट्टीनंतर त्याला वेगळ्या मदतीची गरज नाही. नीलांबरी शाळेत धावली. मी बरोबर होतो.

"आम्ही त्याची तयारी करून घेतली होती," तिनं मदतीचं काम बघणाऱ्या बाईंना सांगितलं. "तो रोज असा नसतो."

"पण तयारी केली की त्याला जमतं, हे किती छान आहे," त्या म्हणाल्या. त्यांना ते मनापासून वाटत होतं. "ते तास आता दुसऱ्या मुलाला दिलेत. त्याला फार गरज आहे. आता पुढच्या वर्षी."

तास गेल्यावर आनेलीसला ब्रेडा या लांबच्या शहरात एका कचेरीत काम मिळालं. शेवटच्या दिवशी तिनं सुश्रुतच्या हातात नव्या पत्त्याचं कार्ड दिलं. मला ती काहीच बोलली नाही. मीही पुस्तकातून मान वर केली नाही.

जानेवारीत सुश्रुत कोट टांगायच्या खुंट्यांखाली बसायला लागला. मग एका मुलाला चावला. मग फाटकातून बाहेर पडला आणि ट्रामच्या रुळांजवळ सापडला. शाळेनं सांगितलं की त्याला सुरक्षित ठेवणं आमच्यानं होणार नाही, त्याला विशेष शाळेत घाला. त्या शाळेच्या जागेसाठी पुन्हा संघाची तपासणी लागणार होती, आणि तोवर तो घरी माझ्याजवळ. तो रोज सकाळी पट्टी घेऊन दाराशी उभा राहायचा. पहिलं चित्र पट्टीवरून काढायचा आणि दार उघडायची वाट बघायचा.

तपासणी मे महिन्यात झाली, संघाच्या कचेरीत. निघताना पट्टी फ्रिजवरच राहिली होती. मी ती काढून नीलांबरीपुढे धरली.

"राहू दे, बाबा."

"अगं, त्याला काय होणार ते कळणार नाही."

"माहितेय मला." तिनं मान फिरवली. "जागा मिळायला हवी ना?"

मी पट्टी परत लावली नाही. कोटाच्या खिशात घातली.

खोलीत अनोळखी बाई होत्या आणि भिंतीपलीकडे कुणीतरी छपाईचं यंत्र चालू केलं. सुश्रुतनं टेबलावर पट्टी शोधली, मग नीलांबरीच्या पिशवीत. मग माझ्याकडे बघितलं. खिशात माझ्या बोटांना गोल करून बसलेल्या मुलांचं चित्र लागत होतं. मी हात बाहेर काढला नाही. तो टेबलाखाली गेला, डोकं जमिनीवर आपटायला लागला आणि नाव विचारल्यावर ओरडला. बाई लिहीत होत्या. नीलांबरी खिडकीबाहेर बघत रडत होती आणि त्याला उचलत नव्हती.

जागा मिळाली. मदतीचे सगळे तास मिळाले. शाळा लांब आहे, सकाळी गाडी येऊन घेऊन जाईल. शैलेंद्रनं मेल वाचून दाखवला.

आज मी उत्तर लिहिलं. बरेच कागद फाडले, शेवटी एवढंच राहिलं. 'प्रिय युफ आनेलीस, हो. या वेळी आम्ही तयारी करून घेतली नाही. पट्टी माझ्या खिशात होती. श्याम.'

सुश्रुतला घेऊन कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीशी गेलो. पूर्वी रस्ता ओलांडताना तो माझ्या कोटाचं टोक धरायचा. मे महिन्यातल्या त्या तपासणीपासून धरत नाही, दोन पावलं लांब चालतो. पेटीला दोन फटी आहेत, एक या भागाची आणि एक बाकी सगळ्या ठिकाणांची. ब्रेडा म्हणून दुसऱ्या फटीत पत्र टाकलं. सुश्रुत हातातल्या पट्टीकडे बघत होता. पत्र टाकण्याचं चित्र तिच्यावर नव्हतं.