रूपाबाईचा टाका

वसमतच्या हस्तकला बाजारात नियम एकच होता: माल हातचा पाहिजे, मशीनचा निघाला की दुकान उठलं. पारख करायला आमचे किसनराव. हा माणूस इतका संशयी, की देवळाबाहेर दोन चपला दोन कोपऱ्यांत ठेवतो.

तांड्यावरच्या रूपाबाईनं चादरीवर मांडलेली कवड्या-आरशांची पिशवी त्यांनी उलटी केली, हुंगली, उन्हात धरली.

“इतके बराबर टाके? मशीन कुठं दडवली, बाई?”

“काहून दडवू, मालक? हात हायेत की.”

“आमाला शिकवू नको. उचल दुकान!”

अर्धा तास किसनराव तिला झापत राहिले. ती मान खाली घालून ऐकत होती. शेजारच्या दुकानात मला मात्र सारखा खोकला येत होता. शेवटी ते निघाले, तर चादरीसकट अख्खं दुकान त्यांच्यामागं निघालं! बाईनं त्यांच्या धोतराचा सोगा चादरीला शिवला होता, वर बावीस आरसे लावून. मी स्वतः मोजलेत.

“मशीनचा आवाज आला का, मालक?” रूपाबाईनं विचारलं.

दुकान राहिलं.

पण सोगा सोडवता सोडवता ते माझ्या कानाशी लागले, “आबा, तुमी मघाशी एवढं काहून खोकत होते? मशीनचा आवाज दबावा म्हणून?”