डावीकडे ओढणारी नदी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. पाहुणे मला रिमोट म्हणतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, रिमोट नुसता चॅनेल बदलतो! मी गाड्या पळवल्या आहेत, किल्ले सर केले आहेत आणि एका होडीतून सबंध नदी पालथी घातली आहे. त्या नदीवरूनच तर पुढे सगळं रामायण घडलं.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब टेबलापाशी बसलेल्या बायकांनी माझी बटणं बसवली. एकीने डाव्या अंगठ्याखालची छोटी दांडी चारी दिशांना फिरवून पाहिली आणि मान डोलावली. झालं, मी पास! माझा जुळा भाऊही माझ्याच खोक्यात होता. आम्ही ज्या घरी पोचलो तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ आमची वाटच बघत होते. पहिल्याच दिवशी भांडून वाटणी झाली. मी ताईचा आणि माझा जुळा तिच्या भावाचा. भावाने माझ्याकडे नुसता हात नेला तरी ताई त्याला असा चिमटा काढायची, की बिचारा कळवळायचा.

ताईचा जीव होडीच्या गेमवर जडला होता. पुढे घरात गेमची नवी यंत्रं आली, नवे कंट्रोलर आले, पण मला हातात घेऊन ती होडी खेळायचीच. खेळून खेळून माझी दांडी आतून झिजली. अंगठा उचलला तरी ती किंचित डावीकडे कलायची आणि मग होडीही डावीकडे जायची. ताईला वाटलं, नदीच्या पाण्यालाच ओढ आहे. अंगठ्याने जरासं उजवीकडे रेटत होडी सरळ ठेवायला ती शिकली. मी काय सांगणार? मला बटणं आहेत, तोंड कुठे आहे?

दोघं मोठी झाली आणि हौसेचाच धंदा करून बसली. एका लाँड्रीच्या वर त्यांनी दोन खोल्या घेतल्या. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर ही दोघं गेम खेळून त्यांची परीक्षणं लिहायची. नवे गेम तर यायचेच, पण रीमास्टर केलेलेही यायचे, म्हणजे जुनेच गेम, नव्या टीव्हीवर शोभतील असे नव्याने सजवलेले. शेतीचे आणि कोड्यांचे गेम भावाकडे, शर्यती आणि मारामाऱ्या ताईकडे. भाऊ गुण देताना इतका हात आखडता घ्यायचा, की वाचकांनी त्याचं नाव 'खडूस' पाडलं. ताईच्या शब्दाला मात्र मोठा मान. होडीच्या त्या जुन्या गेमवर तिने एक सुंदर लेख लिहिला होता. 'ही नदी तुम्हाला हळूच डावीकडे ओढते, जिवंत असल्यासारखी,' असं त्यात होतं. लोकांना तो लेख फार आवडला.

आणि मी? मी खणात, गुंतलेल्या वायरींखाली, बिस्किटांच्या चुऱ्यात पडून होतो. वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

एक दिवस तोच होडीचा गेम रीमास्टर होऊन आला. एक नवरा-बायको आणि त्यांचा संगीतकार मित्र, अशा तिघांनी मिळून तो नव्याने घडवला होता. ताईने आनंदाने नवाकोरा कंट्रोलर उचलला. थोड्याच वेळात तिची होडी उजव्या काठावर धडकली. पुन्हा धडकली. तिसऱ्यांदा धडकली तेव्हा ताईचा पारा चढला.

"ओढच काढून टाकली यांनी! नदीचा जीवच घेतला!"

तिने तडकाफडकी परीक्षण लिहून काढलं. एकेक वाक्य मिरचीसारखं, आणि शेवटी दहापैकी तीन गुण. दुसऱ्या दिवशी गेम बाजारात येणार होता. ताई काय म्हणते ते वाचूनच बरेच जण घ्यायचा की नाही ते ठरवणार होते. त्या तिघांची सगळी मेहनत मातीमोल व्हायला एवढं एक परीक्षण पुरेसं होतं.

पण या दोघांचा एक नियम होता. त्याला ते 'दुसरा हात' म्हणत. परीक्षण छापण्याआधी दुसऱ्याने तोच गेम खेळायचा आणि लिहिणाऱ्याने तोंड मिटून बघायचं. त्याप्रमाणे खडूस खेळायला बसला. होडी नदीच्या मधोमध ऐटीत चालली.

"मला तर बरी वाटली गं," तो म्हणाला. "सांगशील तिकडे जाते."

"तेच तर!" ताईला काही तोंड मिटून बसवेना. "नदी आहे की आंघोळीचा टब? थांब, तुला खरी नदी दाखवते."

तिने कपाटातून जुनं यंत्र काढलं आणि खण उपसून मला शोधलं. मित्रांनो, तिच्या हाताची ऊब इतक्या वर्षांनी लागली आणि मला भरून आलं. जुना गेम सुरू झाला. ताईने मला भावाच्या हातात दिलं, आणि या खेपेला चिमटाही काढला नाही.

होडी डावीकडे जाऊ लागली. "बघ!" ताई ओरडली. "बघ कशी ओढते!"

खडूसने भुवया उंचावल्या. मला टेबलावर ठेवून त्याने दोन्ही हात वर केले. होडी तरीही डावीकडेच चालली. ताई विजयाने हसली. खडूस उठला, आणि त्याच जुन्या यंत्रावर त्याने आपला लाडका शेतीचा गेम लावला. तो हा गेम नेहमी माझ्या जुळ्यावर खेळायचा. मला तसंच टेबलावर राहू दिलं. पडद्यावरचा शेतकरी कुणी न सांगता डावीकडे चालू लागला. वांग्याच्या वाफ्यातून गेला, कुंपणाला टेकला, तरी जागच्या जागी पाय मारतच राहिला.

"काय गं ताई," खडूस म्हणाला, "शेतालाही ओढ आहे का?"

ताई टेबलापाशी आली. मला उचलून तिने दांडी सरळ केली आणि सोडली. दांडी कलली. सरळ केली, पुन्हा कलली. तिचा चेहरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना..."

भावाला दया आली. "अगं, गुपचूप तो भाग काढून टाक. गुण वाढव. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ताई म्हणाली.

तिने आधी फोन उचलला आणि गेम घडवणाऱ्या त्या बाईंना घडलेलं सगळं सांगितलं. काही न वगळता, स्वतःचे तीन गुणही न लपवता. ताईच्या घामेजल्या मुठीत मी होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ताई," त्या बाई म्हणाल्या, "तुमचा तो लेख वाचून आम्ही महिनाभर ती ओढ शोधत होतो हो! जुन्या गेमचा कानाकोपरा धुंडाळला. सापडेना. आम्हाला वाटलं, आम्हालाच दिसत नाहीये. माझे मिस्टर म्हणाले, आपण या नदीला न्याय देऊ शकलो नाही. झोप उडाली होती त्यांची." आणि बोलता बोलता त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. ताईही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

परीक्षण पुन्हा लिहिलं गेलं. ताईने वाचकांना स्वतःची फजिती आधी सांगितली, मग गेमविषयी लिहिलं. खडूसला 'दुसरा हात' म्हणून पुन्हा खेळवून, स्वतः अंगठा उजवीकडे जाऊ न देता सावकाश खेळून, तिने दहापैकी आठ गुण दिले. संगीत जरा मोठ्याने वाजतं, म्हणून दोन कापले. ती काही कुणाची भीड ठेवणारी नव्हे!

मग खडूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. "आतला भाग बदलतो. पण ताई, ओढ जाईल हं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मला धडकी भरली. मी सरळ झालो तर तिचा उरेन का?

"बदल," ती म्हणाली. "झिजलाय बिचारा. आपण कधी साधं पुसलंसुद्धा नाही याला."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी खणात पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा. बिस्किटांचे हात पुसा, वायर करकचून गुंडाळू नका, आणि काही बिघडलं तर आमचं मुकं दुखणं ओळखा. आम्ही सांगू शकत नाही, पण बरे नक्की होतो.

मी बरा झालो. ताईने जुनी होडी पाण्यात सोडली. होडी सरळ चालली. रेटायचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे तिचा अंगठा सैल पडला आणि नजर पहिल्यांदाच पाण्यावरून काठाकडे गेली.

"अगं बाई!" ती पुटपुटली. "इथे बगळे आहेत?"