बाबांचा गुरुवार

एक पौंड खिम्यात माझी आई पाच माणसांचं जेवण भागवायची. हे सांगितलं की लोक कौतुकाने हसतात. मला हसू येत नाही.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. आम्ही नेब्रास्कातल्या एका लहानशा गावात राहायचो. थोरली मी, जनेल, तेव्हा तेरा वर्षांची. मधला रॉडनी, धाकटी ट्वायला. आईचं नाव लिओना. ती खिमा परतायला टाकायची, सुटलेली चरबी फेकून न देता तिच्यातच कांदा परतायची आणि मग तो खिमा वाढवायला लागायची. भिजवलेले ओट, चुरलेली खारी बिस्किटं, किसलेलं गाजर, हाताशी असेल ते. कधी सगळं साच्यात थापून भाजायचं आणि त्याचे काप करायचे, तो मीटलोफ. कधी मॅकरोनी आणि टोमॅटो. कधी आमच्या जर्मन पणजीच्या पद्धतीचे, कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव. त्यात खिमा शोधावा लागायचा.

मीटलोफचा सगळ्यात जाड काप बाबांचा. आई स्वतः साच्याच्या कडेला चिकटलेलं खरवडून घ्यायची आणि म्हणायची, मला करपलेलंच आवडतं. आम्हाला ते खरं वाटायचं.

बाबा, डेल्बर्ट क्रॉइट्झर, गुरांच्या लिलावात अडत्याचं काम करत. त्या वर्षी मांसाचे भाव असे भडकले की मोठ्या शहरांत बायका दुकानांसमोर फलक घेऊन उभ्या राहिल्या. बाबा रोज जेवताना तेच सांगायचे. "भाव बघितलेस का, लिओना? हात आखडता घे." आई हात आखडता घ्यायची. भाव चढले की अडत्याची अडतही चढते, हे आम्हाला कोण सांगणार? घरखर्चाला मात्र तेवढेच पैसे मिळत, आणि तेही उपकार केल्यासारखे.

गुरुवार लिलावाचा दिवस. बाबा उशिरा यायचे, टोपी खुंटीला लावायचे, ताटाकडे बघायचे.

"पुन्हा खिमाच? देवाने माणसाला दात कशाला दिलेत, या घरात कळत नाही."

असं म्हणून काट्याने दोनदा टोचायचे, अर्धं खायचे, अर्धं सरकवून द्यायचे. एका गुरुवारी रॉडनीने त्या उरलेल्या अर्ध्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी त्याच्या बोटांवर काटा मारला. "ही काय खानावळ आहे?"

रॉडनीला सारखी भूक लागायची, अंगाने वाढत होता. दुसऱ्या दिवसापासून खिम्यात आणखी ओट पडायला लागले.

सप्टेंबरात गावातली एक म्हातारी वारली. अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी बायका चर्चच्या स्वयंपाकघरात जमल्या होत्या. मी आईबरोबर बटाटे सोलत होते. पलीकडे फर्न दुबास अंडी सोलत होती. फर्न शेजारच्या गावात, हायवेवरच्या स्टेकहाउसमध्ये वाढपी होती. तोंडाची सैल, पण मनाने वाईट नव्हती.

"लिओना, तुझा नवरा म्हणजे सोन्यासारखं गिऱ्हाईक हं," ती म्हणाली. "दर गुरुवारी खिडकीजवळचं टेबल. हाडासकट मोठ्ठा स्टेक, आतून लालभडक, वर लोण्यात परतलेले कांदे. मग गोडाला चेरी पाय. आणि बक्षिशीही ठेवतो, बाकीच्यांसारखा कंजूष नाही."

आईचा चाकू थांबला. "कुणाबरोबर असतो?"

"अगं, छे! भलतंसलतं काही मनात आणू नकोस." फर्नला वाटलं, आपण दिलासाच देतोय. "एकटाच असतो बिचारा. पेपर वाचत बसतो."

आई पुन्हा बटाटा सोलायला लागली. साल संपली तरी सोलत राहिली. मी तिच्या हातातून बटाटा काढून घेतला तेव्हा तो अंगठ्याएवढा उरला होता.

घरी जाताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "एखादी बाई असती तर मला समजलं तरी असतं."

मला ते तेव्हाच कळलं. कुणावर जीव जडला म्हणून आमच्या तोंडचं काढून तिला घातलं असतं, तर त्यात निदान कुणासाठी तरी काही केल्याचं असतं. हा माणूस एकटा बसून चवीने खात होता. पोट भरून घरी येत होता, वर आईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवत होता. आणि उरलेलं आपल्या मुलाला खाऊ देत नव्हता.

पुढच्या गुरुवारी आम्ही शाळेतून आलो तर आई नटून उभी होती. "चर्चचे कपडे घाला."

"कुणाचं लग्न आहे का?" ट्वायलाने विचारलं.

"नाही."

"मग कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," आई म्हणाली.

ओव्हनमधून मीटलोफ काढून तिने साच्यासकट टॉवेलात गुंडाळला आणि गाडीत माझ्या मांडीवर ठेवला. मांडी भाजत होती, पण मी हूं की चूं केलं नाही. आई स्टिअरिंग असं धरून बसली होती, जणू ते उपटूनच काढणार आहे.

स्टेकहाउसमध्ये लिलावाहून आलेली माणसं भरली होती. बाबा खिडकीजवळ होते. समोर पेपर घडी घालून ग्लासाला टेकवलेला, गळ्याशी रुमाल, ताटात ताटाबाहेर आलेला स्टेक. नुकतीच सुरुवात केली होती. आम्हाला बघून त्यांचा घास तोंडातच राहिला.

"अरे वा, डेल्बर्ट! आज कुटुंब आणलंस वाटतं!" कोणीतरी मागून ओरडलं.

आईने शेजारच्या टेबलाच्या खुर्च्या ओढल्या आणि आम्हाला बसवलं. पेपर उचलून जमिनीवर टाकला. बाबांच्या हातातली सुरी आणि काटा काढून घेतला, ताट आपल्याकडे ओढलं आणि स्टेकचे तुकडे करायला लागली.

"लिओना," बाबा दात आवळून म्हणाले, "लोक बघतायत."

"लोक तुला इथे दर गुरुवारी बघतात. आम्हीच काय ते बघितलं नव्हतं."

"हे धंद्यासाठी असतं. तुला त्यातलं काय कळतंय?"

"पेपरशी धंदा करतोस?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. फर्न कॉफीची किटली घेऊन जिथल्या तिथे उभी होती. आई तिला म्हणाली, "फर्न, तीन ताटल्या दे गं." फर्नने मुकाट्याने दिल्या.

आईने सगळा स्टेक आम्हा तिघांना वाढला. स्वतःला एक तुकडाही घेतला नाही. मग टॉवेल सोडला आणि साचा बाबांसमोर आपटला. सगळ्या टेबलावरचे काटे खणखणले.

"हा तुझा. सगळाच्या सगळा. आज वाटेकरी नाहीत. खा, दात कशाला दिलेत ते बघ."

रॉडनी बाबांच्या तोंडाकडे बघत बसला होता. "तिकडे बघू नकोस," आई त्याला म्हणाली. "ताटात बघ."

तो खायला लागला. मीही खाल्लं. असं मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि ते इतकं चांगलं लागलं की मला रडू यायला लागलं. वाईट लागलं असतं तर बरं झालं असतं.

ट्वायला सहा वर्षांची. तिला यातलं काही कळत नव्हतं. ती तोंड भरून म्हणाली, "बाबा, किती मऊ आहे हे! तुम्ही घरी का नाही आणलंत?"

बाबांनी टोपी उचलली आणि निघून गेले. बिल देऊन गेले की नाही, मला माहीत नाही. आई आमचं होईपर्यंत बसून राहिली आणि फर्नकडून आम्हाला चेरी पायही मागवला.

त्या दिवसापासून आई चारच माणसांचा स्वयंपाक करायला लागली. बाबा संध्याकाळी येऊन टेबलाशी बसायचे, समोर रिकामी जागा. मग चरफडत उठून अंडी तळायचे. आई ती कढईसुद्धा घासत नसे. लिलावात लोक त्यांना छेडायला लागले होते. बोली चालू असताना कुणीतरी ओरडायचं, "डेल्बर्ट, आज मीटलोफ कुठाय?"

एका शनिवारी ते खाटकाकडचं भलंमोठं पुडकं घेऊन आले आणि ओट्यावर टाकलं. जाडजूड पाच स्टेक.

"घे. प्रत्येकाला एक. झालं समाधान?"

भिकाऱ्याच्या थाळीत नाणं टाकावं तसं म्हणाले. मला वाटलं, आई ते तोंडावर फेकून मारणार. ती तळघरात गेली आणि आजीचं खिमा करायचं लोखंडी यंत्र घेऊन आली. टेबलाच्या कडेला ते घट्ट आवळलं, स्टेकचे तुकडे केले आणि दांडा फिरवायला सुरुवात केली.

"अगं, काय करतेस! वेड लागलं का तुला? पाठीचा तुकडा आहे तो, सगळ्यात महाग!"

आई दांडा फिरवत राहिली. लाल धागे भराभरा परातीत पडत होते.

"लिओना, थांब म्हणतो ना!"

"मला मांस नकोय, डेल्बर्ट." तिला धाप लागली होती. "मांसाची मेहेरबानी नको. तुझ्या अडतीच्या चेकचं पाकीट माझ्यासमोर फोडायचं. दर वेळी. मग काय शिजवायचं ते मी बघीन."

"माझ्या कमाईचा हिशेब मी बायकोला देऊ?"

"नको देऊस. उद्याही अंडी खा."

ते पाय आपटत बाहेर गेले. आईने पाचव्या स्टेकचाही खिमा केला. त्या रात्री आम्ही पोट फुटेस्तोवर जेवलो.

नाताळ जवळ आला तेव्हा बाबांनी चेक आणून टेबलावर ठेवला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, लिलावातल्या हसण्याला कंटाळले होते. आईलाही ते ठाऊक होतं. तिने आभार मानले नाहीत. चेकवरचा आकडा तिने बराच वेळ बघितला, मग शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं?" बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आम्हा सगळ्यांना घेऊन बँकेत गेली, दोघांच्या नावाचं खातं उघडायला. खिडकीतला तरुण कारकून तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तुमचे मिस्टर लागतील, मॅडम. त्यांच्या सहीशिवाय नाही होणार."

आईचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता त्या बिचाऱ्या कारकुनाचं काही खरं नाही. पण तिने पर्स काखेत दाबली आणि दाराकडे वळली.

"बाहेर गाडीत बसवलाय," ती म्हणाली. "आणते."