पत्र्याची पोरगी छपरावर पोचली कशी?

आत्याचं वर्षानुवर्षं एकच तुणतुणं, "ती पत्र्याची पोरगी छपरावर पोचली कशी?"

सिनेमा जर्मन, मुका, आणि पार जुन्या जमान्यातला. गोष्ट मात्र उद्याच्या जगाची: यंत्रांचं शहर, आणि त्याला जागं करायला निघालेली पत्र्याची पोरगी. आईविना वाढणाऱ्या भाचीला आत्यानं बोटाला धरून तो दाखवला, तेव्हाच त्याची लक्तरं झाली होती. पोरगी तळघरात मोडून पडायची आणि पापणी लवायच्या आत थेट छपरावर, भोंगा वाजवत! "मधलं काय उंदरांनी खाल्लं?" आत्या तिथेच करवादली होती.

भाची पुढे जुन्या फिल्मा जोडायच्या कामाला लागली, ती त्या प्रश्नापायीच. घरात तिचं नावच पडलं चिकटवी. आता तोच सिनेमा तिच्या टेबलावर होता. ठिकठिकाणचे तुकडे जोडून झाले, पण ते भगदाड काही बुजेना. इकडे आत्याची नजर चाललेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पाहायचं ते आत्ताच पाहून घ्या. चिकटवीच्या जिवाला नुसता घोर.

एका बंद पडलेल्या थिएटरातून शेवटची पेटी आली, तर आत कुठलासा बातमीपट. हात्तिच्या! सवयीनं तिनं रिळाचं तोंड कापलं. मशीनमध्ये ओवताना ओरखडे पडतात, ते चांगल्या फिल्मवर पडू नयेत म्हणून ऑपरेटर लोक रिळाच्या तोंडाशी एखादा फालतू तुकडा जोडायचे. तो कापला, टोपलीत टाकला, विषय संपला.

टोपलीतून तो लोंबत राहिला. खिडकीतलं ऊन त्यातून आलं आणि त्यात दिसला एक पत्र्याचा हात.

"अगं बाई गं!" चिकटवी टोपलीकडे धावली. सिनेमा चालू असताना फिल्म तुटली असेल आणि कुण्या ऑपरेटरनं तुटलेला तुकडा न फेकता इथे जोडला असेल. कोण कुठला बाबा! त्यानं जपलेलं आपण कात्रीनं उडवून मोकळे झालो होतो. तिनं टोपलीलाच हात जोडले.

तुकडा धुतला, सांधला, जागच्या जागी बसवला. मग आत्याला पहिल्या रांगेत आणून बसवलं, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ.

तळघर आलं. फरशी पुसणाऱ्या म्हातारीनं बादली खाली ठेवली, पत्र्याच्या पोरीला पाठुंगळी घेतलं आणि धापा टाकत एकेक पायरी चढायला लागली. शेवटी छप्पर आलं.

"अस्सं होय! म्हातारीनं नेली तिला!" आत्या ओरडलीच. "तरी म्हणत होते, एकटी कशी पोचेल ती!"

"आणि मी गं?" चिकटवीनं विचारलं. "मी तरी इथवर कशी पोचले, आत्या?"

आत्यानं तिचा हात घट्ट धरला.

"रडवू नकोस, मेले. डोळे भरले की दिसत नाही मला," ती म्हणाली. "लाव परत पहिल्यापासून. दिसतंय तोवर बघून घेते."